वेळेच्या हिशेबावरून ओळखलेले तारे

न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास जेमतेम वीस ते पंचवीस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून अंधेरीपर्यंतच्या अंतराएवढा असतो आणि वस्तुमान मात्र सूर्याच्या साधारण दीडपट भरते. असा तारा हजारो प्रकाशवर्षे दूर असताना त्याचे बिंब कोणत्याही दुर्बिणीतून दिसण्याची शक्यता नाही. दिसतो तो केवळ एक बिंदू, आणि बहुतेक वेळा तोही फक्त क्ष-किरणांतच ठळक असतो. तरीही तो स्वतःभोवती किती वेळात फिरतो, सोबतच्या ताऱ्याभोवतीची त्याची कक्षा केवढी आहे, त्याचे चुंबकीय क्षेत्र किती तीव्र आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर कोणता वायू किती तासांनी पेट घेतो, या प्रश्नांची उत्तरे खगोलशास्त्र आज आकड्यांत देऊ शकते. हे ज्ञान छायाचित्रांतून आलेले नाही. क्ष-किरणांचा कोणता कण उपकरणावर नेमका कोणत्या क्षणी आदळला, याच्या कंटाळवाण्या वाटाव्यात अशा नोंदींतून ते काढले गेले आहे. लोकप्रिय लेखनात मात्र झगमगत्या कल्पनाचित्रांपुढे या नोंदींना क्वचितच जागा मिळते.

सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा स्वतःच्या भाराखाली कोसळतो आणि तेथील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन एकमेकांत मिसळून न्यूट्रॉनचा अतिघन गोळा उरतो. हा गोळा एकटाच असेल तर तो हळूहळू थंड होत जातो. त्याला जोडीदार तारा असेल आणि त्या जोडीदाराचा वायू त्याच्याकडे ओढला जात असेल, तर मात्र चित्र पालटते. या ओढून घेण्याला द्रव्यसंचयन म्हणतात आणि एकमेकांभोवती फिरणाऱ्या अशा दोन ताऱ्यांच्या जोडीला युग्मतारे.

वायूचा एक कण दुरून न्यूट्रॉन ताऱ्यावर पडतो तेव्हा पृष्ठभागाशी त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक झालेला असतो, आणि तो थांबताच ही सारी गतिज ऊर्जा उष्णतेत व प्रारणात बदलते. आइन्स्टाइनच्या सूत्रानुसार एखाद्या वस्तुमानात जेवढी ऊर्जा सामावलेली असते, तिच्या सुमारे वीस टक्के ऊर्जा अशा नुसत्या पडण्यातून मोकळी होते. हायड्रोजनचे हेलियम होताना, म्हणजे ज्या प्रक्रियेवर सूर्य चालतो तिच्यात, हाच आकडा ०.७ टक्के असतो. गुरुत्वाकर्षण हे अणुऊर्जेपेक्षा कितीतरी किफायतशीर इंधन ठरू शकते ही गोष्ट शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाला धक्का देणारी असली, तरी या सबंध विषयाचा पाया तीच आहे. दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी टन वायू पडत राहिला तर न्यूट्रॉन तारा सूर्याच्या जवळजवळ पंचेचाळीस हजार पट तेजस्वी होतो. एवढी ऊर्जा दहा-बारा किलोमीटर त्रिज्येच्या इवल्याशा पृष्ठभागातून बाहेर पडायची, तर त्याचे तापमान दोन कोटी अंशांच्या आसपास असावे लागते, आणि इतका तप्त पदार्थ दृश्य प्रकाशापेक्षा मुख्यत्वे क्ष-किरणच टाकतो. याहून फार जास्त वायू सहसा खपत नाही, कारण बाहेर पडणाऱ्या प्रारणाचा दाबच येणाऱ्या वायूला मागे रेटू लागतो. या मर्यादेला एडिंग्टन यांचे नाव आहे. निसर्ग ती काटेकोरपणे पाळतोच असे नाही. २०१४ मध्ये नुस्टार या उपग्रहाला एम८२ या दीर्घिकेत १.३७ सेकंदांत एक फेरी घेणारा असा न्यूट्रॉन तारा सापडला की ज्याचे तेज या मर्यादेच्या कितीतरी पट होते आणि ज्याच्या जागी तोपर्यंत कृष्णविवर असावे असाच समज होता.

जोडीदार तारा मोठा, सूर्याच्या दहा-वीस पट वस्तुमानाचा असेल तर त्याच्यापासून सतत वाहणाऱ्या वाऱ्यातला काही भाग न्यूट्रॉन तारा टिपतो. जोडीदार सूर्याहून लहान असेल आणि दोघे अगदी जवळ असतील, तर त्याचा फुगलेला बाह्यभाग दोघांमधल्या गुरुत्वीय उंबरठ्यावरून थेट ओसंडतो. ओसंडलेला वायू कक्षीय गतीमुळे सरळ खाली पडू शकत नाही, तो फिरत राहून एक चपटी चकती बनवतो, आणि चकतीतल्या घर्षणामुळे गती गमावत गमावत आतल्या बाजूला सरकतो. तरुण न्यूट्रॉन ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की ते ही चकती हजारो किलोमीटरांवरच तोडते आणि वायूला दोन चुंबकीय ध्रुवांकडे वळवते. मग ध्रुवांवर दोन तप्त ठिपके तयार होतात, आणि तारा फिरेल तसे ते समोर येत-जात राहिल्याने क्ष-किरणांची स्पंदने मिळतात.

हे सारे कळायला पृथ्वीचे वातावरण ओलांडावे लागले, कारण क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. १८ जून १९६२ रोजी अमेरिकेतील व्हाइट सँड्स येथून रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरोबी जातीचा एक छोटा अग्निबाण सोडला. चंद्रावरून क्ष-किरण येतात का हे पाहणे, हा त्याचा जाहीर उद्देश होता. काही मिनिटांच्या उड्डाणात चंद्राऐवजी वृश्चिक राशीच्या बाजूने क्ष-किरणांचा जोरदार लोट आला आणि स्कॉर्पियस एक्स-१ हा सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला. सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ योसिफ श्क्लोव्हस्की यांनी १९६७ मध्येच असे सुचवले होते की, हा जोडीदाराचा वायू ओढणारा न्यूट्रॉन तारा असावा. तोपर्यंत स्पंदक म्हणजे पल्सर सापडल्याचे जाहीरही झाले नव्हते, त्यामुळे ही सूचना फारशी कोणी मनावर घेतली नाही.

पुराव्यासाठी सतत पाहत राहणारे उपकरण हवे होते, आणि ते १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील सॅन मार्को या समुद्रातल्या तळावरून सोडलेल्या उहुरू उपग्रहाच्या रूपाने मिळाले. नरतुरंग तारकासमूहातल्या सेंटॉरस एक्स-३ या स्रोतापासून येणारे क्ष-किरण दर ४.८४ सेकंदांनी वाढतात आणि घटतात, हे १९७१ मध्ये त्याच्या नोंदींत आढळले. पुढचा शोध अधिक मोलाचा होता. हा कालावधी अगदी स्थिर नव्हता. काही वेळा स्पंदने अपेक्षेपेक्षा लवकर येत, काही वेळा उशिरा, आणि हा लवकर-उशिराचा खेळ २.०९ दिवसांच्या ठरलेल्या चक्रात चाले. शिवाय त्याच चक्रात एकदा सुमारे अर्धा दिवस स्रोत जवळजवळ पूर्ण विझे. तारा कोणाभोवती तरी फिरत आहे, आपल्यापासून दूर असलेल्या बाजूला गेला की त्याच्या स्पंदनांना जास्त वाट कापावी लागते आणि मध्ये जोडीदार आला की त्याला ग्रहण लागते, हा अर्थ यातून सरळ निघाला.

या एका उदाहरणातला हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. स्पंदने सरासरी वेळेच्या जास्तीत जास्त ४० सेकंद मागेपुढे होत होती. प्रकाश ४० सेकंदांत सुमारे १ कोटी २० लाख किलोमीटर जातो, म्हणून कक्षेची त्रिज्या निदान तेवढी असली पाहिजे. एवढ्या कक्षेची फेरी २.०९ दिवसांत पुरी करायची तर ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ४१५ किलोमीटर हवा. आणि इतक्या वेगाने जाणाऱ्याला त्या कक्षेत धरून ठेवायचे तर, केप्लरच्या नियमानुसार, जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या पंधरा पटींहून अधिक हवे. तोवर हा जोडीदार दृश्य प्रकाशात कोणी ओळखलेलाही नव्हता. तो १९७४ मध्ये पोलंडचे व्होइचेख क्शेमिन्स्की यांनी ओळखला, तेव्हा तो खरोखरच एक अवजड, तप्त, निळसर तारा निघाला. केवळ घड्याळ लावून न पाहिलेल्या ताऱ्याचे वजन आधीच करून ठेवले गेले होते.

याच नोंदींनी आणखी एक वाद मिटवला. सेंटॉरस एक्स-३ चा कालावधी वर्षागणिक थोडा थोडा कमी होत होता, म्हणजे तारा गती घेत होता. येणारा फिरता वायू आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा आवेग, त्याला देत होता. हा तारा न्यूट्रॉन ताऱ्याऐवजी श्वेत बटू, म्हणजे पृथ्वीएवढ्या आकाराचा मृत तारा असता, तर तेवढ्याच वायूने त्याची गती इतकी झटपट वाढवली नसती, कारण पसरट वस्तू फिरवायला जास्त जोर लागतो.

शौरी तारकासमूहातला हर्क्युलिस एक्स-१ हाही उहुरू उपग्रहानेच शोधला. त्याची स्पंदने १.२४ सेकंदांची, कक्षा १.७ दिवसांची; पण त्याशिवाय तो सुमारे ३५ दिवसांच्या चक्राने उजळतो आणि मंदावतो. यामागे त्याची वाकडी, कललेली चकती आहे, जी वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखी डुलत राहते आणि अधूनमधून ताऱ्याला आपल्या दृष्टीआड करते. याच ताऱ्याने चुंबकीय क्षेत्राचे पहिले थेट मोजमाप दिले. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांना कोणतीही ऊर्जा घेता येत नाही, ठरावीक पायऱ्यांचीच घेता येते, आणि त्या पायरीइतक्या ऊर्जेचे क्ष-किरण ते शोषून घेतात, त्यामुळे वर्णपटात तेवढ्याच जागी खळगा पडतो. जर्मनीतील योआखिम ट्रुम्पर यांच्या गटाने १९७६ मध्ये बलूनमधून उपकरण उंच नेऊन हर्क्युलिस एक्स-१ च्या वर्णपटात असे वैशिष्ट्य शोधले. आधी ते उंचवटा म्हणून वाचले गेले. तो सुमारे ४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचा खळगा असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यावरून चुंबकीय क्षेत्र चार लाख कोटी गाउसच्या घरात येते. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गाउसच्या आसपास असते.

तरीही या ताऱ्याची ओळख पुरी झाली असे म्हणता येत नाही. क्ष-किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरींची कंपने एकाच दिशेत किती प्रमाणात होतात, हे मोजणारा आयएक्सपीई उपग्रह डिसेंबर २०२१ मध्ये सोडण्यात आला. सैद्धांतिक गणितांनी हर्क्युलिस एक्स-१ साठी साठ ते ऐंशी टक्के इतके ध्रुवीकरण सांगितले होते, प्रत्यक्षात ते सरासरी नऊ टक्क्यांहूनही कमी भरले. ध्रुवावर वायू आदळतो त्या जागेची रचना पन्नास वर्षे गृहीत धरली होती तशी नाही, एवढे तरी यातून दिसते.

कमी वस्तुमानाच्या जोडीदारांची गोष्ट निराळी आहे. ती युग्मे फार जुनी, त्यांच्यातल्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे चुंबकीय क्षेत्र हजारो पटींनी दुबळे, आणि म्हणून चकती जवळजवळ पृष्ठभागाला भिडलेली. १९७५ मध्ये एएनएस या डच उपग्रहाच्या नोंदींत जोनाथन ग्रिंडले आणि जॉन हाइझे यांना एनजीसी ६६२४ या गोलाकार तारकागुच्छातल्या स्रोतापासून क्ष-किरणांचे आकस्मिक स्फोट होत असल्याचे आढळले. स्फोट सेकंदाभरात उसळतो, दहा-वीस सेकंदांत ओसरतो आणि काही तासांनी पुन्हा येतो. ताऱ्यावर साचत गेलेला हायड्रोजन व हेलियम पुरेसा जाड थर झाला की त्याच्या तळाशी अणुसंमीलन अनावर होते आणि सबंध थर क्षणात जळतो, हे त्याचे स्पष्टीकरण. त्याच्या बाजूचा सर्वांत सुंदर पुरावा जमाखर्चाचा आहे. दोन स्फोटांच्या मधल्या शांत काळात बाहेर पडलेली ऊर्जा पडणाऱ्या वायूची, स्फोटातली ऊर्जा त्याच वायूच्या ज्वलनाची. तेव्हा या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे गुरुत्वाची आणि अणुऊर्जेची थेट तुलना होय. ते साधारण चाळीस ते शंभरपट, कधी त्याहूनही जास्त भरते, आणि गणितही तेच सांगते. शिवाय स्फोट ओसरताना तापमान घसरत असूनही प्रारण टाकणारे क्षेत्रफळ तेवढेच राहते, आणि ते सुमारे दहा किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे असते.

या नियमाला जणू वाकुल्या दाखवणारा एक स्रोत १९७६ मध्ये एसएएस-३ उपग्रहाला सापडला, तो रॅपिड बर्स्टर. त्याचे स्फोट काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक येतात, आणि जेवढा मोठा स्फोट तेवढी पुढच्यासाठी जास्त वाट पाहावी लागते. इंधन जळण्याऐवजी चकतीच्या काठाशी अडलेला वायू मध्येच सुटून कोसळतो, असा याचा अर्थ लावतात. तो का अडतो आणि का सुटतो, याचे सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. हाच तारा अधूनमधून नेहमीचे अणुस्फोटही करतो, हे नंतर उघड झाले.

दुबळ्या क्षेत्राच्या या ताऱ्यांवर वर्षानुवर्षे वायू पडत राहिला, तर त्यांची गती किती वाढावी? १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा रेडिओ स्पंदक सापडला, तेव्हा बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी, आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे अमेरिकेतील एका गटानेही, असे मांडले की हे जुने, थकलेले तारे युग्मात पुन्हा गती मिळवलेले असावेत. हे खरे असेल तर वायू पडत असतानाही काही न्यूट्रॉन तारे सेकंदाला शेकडो फेऱ्या घेताना क्ष-किरणांत दिसायला हवेत. सोळा वर्षे ते दिसले नाहीत. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या, केवळ वेळेच्या सूक्ष्म मोजमापासाठी बांधलेल्या आरएक्सटीई उपग्रहाला १९९८ मध्ये एसएएक्स जे१८०८.४-३६५८ हा तारा सेकंदाला ४०१ वेळा स्पंदन करताना सापडला. त्याचा जोडीदार सुमारे दोन तासांत कक्षा पुरी करतो.

त्याच उपग्रहाने आणखी एक लय दाखवली. बऱ्याच स्रोतांच्या तेजात सेकंदाला हजारेक वेळा होणारी, थोडी अनियमित चढउतार असते. पंधरा किलोमीटर त्रिज्येच्या कक्षेत फिरणाऱ्या वायूच्या फेऱ्या सेकंदाला साधारण बाराशे होतात, म्हणजे ही लय चकतीच्या अगदी आतल्या कडेची असली पाहिजे. ती नेमकी कशी निर्माण होते यावर मात्र एकमत नाही. स्कॉर्पियस एक्स-१ मध्येही ही लय आहे. पण सूर्यमालेबाहेरच्या या सर्वांत तेजस्वी, सर्वांत आधी सापडलेल्या स्थिर क्ष-किरण स्रोताची स्वतःभोवतीची फेरी किती वेळाची, हे अजूनही कोणाला मोजता आलेले नाही.

या कामात भारताचा, आणि त्यातही मुंबई-पुण्याचा, सहभाग जुना आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून बलून सोडून कठीण क्ष-किरणांची निरीक्षणे करत. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर त्यांनी पाठवलेल्या छोट्या उपकरणांचा अनुभव पुढे कामी आला आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून अ‍ॅस्ट्रोसॅट ही वेधशाळा गेली. तिच्यावरील लॅक्सपीसी हे उपकरण याच संस्थेने बांधले. झेनॉन वायूने भरलेल्या त्याच्या पेटाऱ्यांत क्ष-किरणाचा कण शिरला की तो एका अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो, तो इलेक्ट्रॉन तारेकडे धावता धावता आणखी असंख्य इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि तारेत उमटलेल्या विजेच्या ठोक्यावर दहा मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक वेळ लिहिली जाते. तीनपैकी एका पेटाऱ्यातला वायू पुढे गळू लागला आणि तो बंद करावा लागला, पण तोवर बरेच काम झाले होते. ४यू १७२८-३४ या स्रोताच्या २०१६ मधील निरीक्षणात आतल्या कडेची लय सेकंदाला ८१५ पासून ८५० च्या आसपास सरकत गेली, मग एक अणुस्फोट झाला, आणि त्या स्फोटाच्या काही सेकंदांत ताऱ्याची स्वतःची ३६३ फेऱ्यांची लय स्वच्छ उमटली. चकतीची आणि ताऱ्याची अशा दोन्ही लयी एकाच बैठकीत मिळणे अपूर्वाईचे आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण क्ष-किरण पाहत नाही, तरी तिचाही या कथेशी संबंध आला. एक्सएसएस जे१२२७०-४८५९ या क्ष-किरण युग्माचे तेज २०१२ च्या अखेरीस एकाएकी घसरले आणि चकतीच्या खुणा नाहीशा झाल्या. त्यानंतर त्या जागी खोडदच्या दुर्बिणीने १.६९ मिलिसेकंदांत एक फेरी घेणारा रेडिओ स्पंदक शोधला, म्हणजे वायू पडायचा थांबताच तारा रेडिओ लहरींत बोलू लागला होता. आयजीआर जे१८२४५-२४५२ या ताऱ्याने २०१३ मध्ये हाच फेरा काही आठवड्यांत घेतला: रेडिओ स्पंदक म्हणून आधीच माहीत असलेला हा तारा क्ष-किरण स्पंदक झाला आणि पुन्हा रेडिओत परतला. पीएसआर जे१०२३+००३८ हा तिसरा तारा त्याच वर्षी उलट दिशेने गेला, रेडिओ स्पंदने थांबली आणि चकती परतली. त्याच्या चकतीच्या काळात क्ष-किरणांतच नव्हे तर दृश्य प्रकाशातही त्याच मिलिसेकंदांची स्पंदने सापडली आहेत, आणि ध्रुवांवर पडणाऱ्या वायूच्या प्रचलित चित्रात इतक्या तेजस्वी दृश्य स्पंदनांना जागा नाही. वायू अशा वेळी ताऱ्यापर्यंत पोहोचतो की ताऱ्याच्या फिरत्या चुंबकीय वाऱ्याने बाहेरच अडवला जातो, हा वाद आज या क्षेत्रात चालू आहे.